तारापूरची भिंत आणि तळहातावरचा पडदा

१/
तारापूरच्या अणुवीज केंद्रात नियंत्रण कक्षाची जबाबदारी ज्याच्यावर सोपवायची, त्या अभियंत्याला आधी एका खोट्या कक्षात बसवतात. फलक तसेच, कळा तशाच, धोक्याचे दिवे आणि भोंगेही तसेच. मागे मात्र अणुभट्टी नसते, संगणक असतो. तिथून बोईसरला यावे, रेल्वेने दक्षिणेकडे दोन स्थानके जावे, की पालघर. २०२० च्या टाळेबंदीत तिथल्या विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांपुढे प्रयोगशाळा म्हणून उरला तो फोनचा पडदा.

२/
दोन्हीकडे शिकवण्याचे साधन एकच: सिम्युलेशन. एक भिंतीएवढे, दुसरे तळहाताएवढे. भिंतीपासून तळहातापर्यंतचा हा प्रवास सुमारे अर्ध्या शतकाचा आहे. पडदा लहान होत गेला तसे दर टप्प्यावर कुणाला तरी ठरवावे लागले, की काय ठेवायचे आणि काय गाळायचे. त्या निर्णयांचा हा इतिहास.

३/
सुरुवात तारापुरापासूनच करू. भारत आणि अमेरिका यांच्यात १९६३ साली करार झाला, १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या कंपनीशी कंत्राट झाले आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरच्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. उकळत्या पाण्यावर चालणाऱ्या या अणुभट्ट्या, प्रत्येकी २१० मेगावॉट क्षमतेच्या. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र.

४/
त्या काळच्या नियंत्रण कक्षात आजच्या अर्थाने पडदा असा जवळजवळ नव्हताच. भिंतीलगत उभे फलक, पुढे उताराची मेजे, त्यांवर काटे फिरणाऱ्या तबकड्या, कागदावर रेघ ओढत जाणारे नोंदयंत्र, मुठीच्या कळा, लाल-हिरवे दिवे. प्रत्येक मोजमापाला स्वतःची जागा होती आणि ती कधी हलत नसे. अनुभवी माणूस आकडा वाचण्याआधी जागा वाचतो. डावीकडच्या तिसऱ्या फलकावरचा काटा नेहमीपेक्षा कललेला आहे, हे त्याला मान न वळवताही जाणवते.

५/
ही ‘जागेची स्मृती’ पुस्तकातून येत नाही. म्हणून आरंभीच्या पिढीला चालू अणुभट्टीजवळ उभे करूनच शिकवावे लागे. ट्रॉम्बेच्या प्रशिक्षण शाळेने १९५७ पासून अभियंत्यांना भौतिकशास्त्र आणि अणुभट्टीची तत्त्वे शिकवली. भिंतीसमोरचा सराव मात्र भिंतीसमोरच व्हायचा.

६/
वैमानिकांचा प्रश्न तोवर बराच सुटला होता. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास जमिनीवर खिळलेले, हवेच्या भात्यांवर डोलणारे खोटे विमान बनवले होते आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यात बसून आंधळे उड्डाण शिकले. तोच विचार अणुकेंद्रांत यायला १९६८ उजाडले. जनरल इलेक्ट्रिकने इलिनॉय राज्यात मॉरिस येथे ‘ड्रेस्डेन-२’ या अणुभट्टीच्या नियंत्रण कक्षाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारली. तारापूर त्यानंतर वर्षभराने सुरू झाले.

७/
इथे एक बारीक गोम आहे. तारापूरच्या अणुभट्ट्या ड्रेस्डेन-२ च्या धाटणीच्या नाहीत. त्या थोरल्या भावंडाच्या, ड्रेस्डेन-१ च्या वळणाच्या आहेत. त्यांत टर्बाइनला वाफ दोन वाटांनी मिळते: थेट अणुभट्टीतून, आणि दुय्यम बाष्पजनकांतून. ड्रेस्डेन-२ मध्ये दुय्यम बाष्पजनकच नाहीत. म्हणजे तारापूरचा अभियंता मॉरिसच्या प्रतिकृतीसमोर उभा राहिला असता, तर या यंत्रासाठी त्याला एकही कळ सापडली नसती.

८/
आणि पुढे नेमके हेच यंत्र दुखणे ठरले. १९८० च्या दशकात दुय्यम बाष्पजनकांच्या नळ्यांतून गळती होऊ लागली आणि दोन्ही अणुभट्ट्यांची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर उतरवावी लागली. सिम्युलेशन एका केंद्राचे आणि काम दुसऱ्या केंद्रात, यातला धोका यापेक्षा सोप्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

९/
जगाला हा धोका महागात पडून कळला. २८ मार्च १९७९, पहाटे चार. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडले, दाब वाढला, दाब सोडणारी झडप उघडली. इथवर सगळे नियमाप्रमाणे. दाब उतरल्यावर झडप मिटायला हवी होती. ती उघडीच अडकली.

१०/
फलकावरचा दिवा मात्र विझला. तो दिवा झडपेची स्थिती दाखवत नव्हता, झडपेला ‘मीट’ असा विद्युत-आदेश गेला एवढेच दाखवत होता. आदेश गेला होता, पाळला गेला नव्हता. गळून बाहेर आलेले पाणी ज्या टाकीत साचत होते तिच्या दाबाची तबकडी मुख्य फलकाच्या मागच्या बाजूला होती. तिथे जाऊन पाहावे असे कुणाला सुचले नाही. शंभरावर इशारे एकाच वेळी वाजत होते आणि ते छापणारे यंत्र दोन तासांहून अधिक मागे पडले होते.

११/
कक्षातल्यांना दोन गोष्टी एकदम दिसत होत्या: अणुभट्टीच्या मुख्य परिवहनातला दाब उतरतो आहे, आणि दाबनियंत्रक टाकीतली पाण्याची पातळी चढते आहे. शिकवणुकीप्रमाणे पातळी चढते म्हणजे पाणी फार झाले. म्हणून त्यांनी आपत्कालीन पाणी कमी केले. प्रत्यक्षात गाभा कोरडा पडत होता. झडपेची वाट अडवायला सव्वादोन तासांहून अधिक वेळ गेला आणि तोवर गाभ्याचा मोठा भाग वितळण्याच्या मार्गाला लागला होता.

१२/
राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. त्यातली एक नोंद सिम्युलेशन घडवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. हे कर्मचारी व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग येथील सिम्युलेटरवर तयार झाले होते. त्या सिम्युलेटरच्या गणितात ‘दाब उतरतो आणि पातळी चढते’ ही जोडी येऊच शकत नव्हती. तिची सोय आज्ञावलीतच नव्हती.

१३/
याचा अर्थ नीट पाहायला हवा. ते सिम्युलेटर बिघडलेले नव्हते. त्याला फलक होते, कळा होत्या. गाळलेली एक शक्यता मात्र कुठल्याही तबकडीवर ‘गाळली आहे’ असे लिहून आलेली नव्हती. पुस्तकातले पान फाटलेले असेल तर वाचणाऱ्याला कळते. सिम्युलेशनमधले गळलेले पान शिकणाऱ्याला दिसत नाही. जेवढे दाखवले तेवढेच जग, असे त्याच्या हाताला आणि डोळ्याला वाटू लागते.

१४/
यानंतर नियम बदलले. अमेरिकेत सिम्युलेटरची मानके कडक होत गेली आणि १९८७ पर्यंत परवाना-परीक्षेसाठी त्या-त्या केंद्रालाच बेतलेला सिम्युलेटर हवा, असा नियम आला. शेजारच्या केंद्राचा चालणार नाही. भारतात १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. पुढे रावतभाटा, कैगा, तारापूर, कुडनकुलम अशा ठिकाणी प्रशिक्षण केंद्रांना पूर्ण आकाराचे सिम्युलेटर मिळत गेले. नियंत्रण अभियंता असो वा पाळीचा प्रमुख अभियंता, परवान्याची वाट या खोट्या कक्षातून जाते.

१५/
तारापुरात दरम्यान दुसरे युग अवतरले होते. दाबाखालच्या जड पाण्यावर चालणाऱ्या ५४० मेगावॉटच्या दोन स्वदेशी अणुभट्ट्या तिथे उभ्या राहिल्या. चौथा संच २००५ मध्ये आणि तिसरा २००६ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाला. (क्रम उलटा वाटेल, पण आधी पूर्ण झाला तो चौथाच.) एकाच किनाऱ्यावर १९६० च्या दशकातली काट्यांची भिंत आणि संगणकाच्या पडद्यांवर बराच भार टाकणारा नवा कक्ष, असे दोन जमाने नांदू लागले.

१६/
पडदा आला आणि जागेची स्मृती डळमळली. भिंतीवर हजार गोष्टी एकदम दिसतात. पडद्यावर त्या पानांत वाटाव्या लागतात, एक पान पाहताना बाकीची झाकली जातात. मागच्या फलकावरची ती तबकडी आठवते ना? पडद्याच्या युगात प्रत्येक न उघडलेले पान ही मागचीच बाजू असते.

१७/
आकार लहान करण्याचा मोह तरीही रास्त होता, कारण भिंत महाग. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९७ पासून साध्या वैयक्तिक संगणकावर चालणारी सिम्युलेटर सदस्य देशांना शिक्षणासाठी द्यायला सुरुवात केली. त्यांचा हेतू स्पष्ट सांगितलेला होता: तत्त्वे समजावीत एवढेच. विशिष्ट केंद्र चालवायला शिकवण्याचा त्यांचा दावा नव्हता. आपण काय गाळले आहे हे आधीच सांगून मोकळे होणारी ही सिम्युलेटर त्या अर्थाने सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागतील.

१८/
मधला मार्गही निघाला. खऱ्या कळांऐवजी मोठे स्पर्शपडदे उभे-आडवे रचायचे आणि त्यांवर फलकाचे चित्र खऱ्या मापात उमटवायचे. अमेरिकेत आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेत असा काचेचा नियंत्रण कक्ष आहे, आज एका केंद्राचा तर उद्या दुसऱ्याचा. जागा टिकते, माप टिकते. हरवतो तो बोटांना कळणारा ‘खट्’. मुठीची कळ फिरली की नाही हे हात सांगतो, काचेवर ते डोळ्याने पाहावे लागते.

१९/
अणुकेंद्राला भिंत परवडते, नव्हे परवडवावी लागते. शाळा-महाविद्यालयांना आणि संगणक वर्गांना ती परवडत नाही. त्यांचा इतिहास उलट्या टोकाने सुरू झाला: मिळेल त्या पडद्यावर.

२०/
महाराष्ट्रात हा पडदा घरोघरच्या ओळखीचा झाला तो एमएस-सीआयटीमुळे. राज्य शासनाच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि संगणक साक्षरतेचा हा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांत पोहोचला. नोकरीच्या अर्जावर त्याची रकमी ओळ पडू लागली. तेव्हाच्या केंद्रांचे दृश्य आठवून पाहा: ओळीने मांडलेले जाडजूड मॉनिटर, सगळे जवळपास एकाच मापाचे. शिकायचे सॉफ्टवेअर आणि शिकवणारे सॉफ्टवेअर एकाच जातीच्या पडद्यावर. पडद्याचे माप हा प्रश्नच तेव्हा जन्मला नव्हता.

२१/
२००९ मध्ये केंद्र सरकारने माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानातून शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प त्याच अभियानाच्या आधाराने वाढला. सुमारे दहा मिनिटांची ध्वनिचित्रफीत, तीत सॉफ्टवेअरचा चालता पडदा, आणि त्यावर समजावणारा आवाज. आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. पडद्यावरची अक्षरे मात्र इंग्रजीच. पुढे नोकरीत इंग्रजी पडद्याशीच गाठ पडणार, म्हणून पडदा बदलायचा नाही, असा तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय.

२२/
या पद्धतीचा कणा म्हणजे शेजारी-शेजारी शिकणे. पडद्याच्या अर्ध्या भागात फीत, उरलेल्या अर्ध्यात खरे सॉफ्टवेअर. फीत थांबवायची, तीच कृती शेजारी करून पाहायची, पुन्हा पुढे जायचे. टेबलावरच्या संगणकासाठी ही रचना अतिशय सुबक आहे. हीच फीत फोनवर उघडली की ‘शेजार’ नाहीसा होतो. पडद्याचे दोन भाग करायला जागा नाही आणि शिकायचे सॉफ्टवेअर फोनवर चालतही नाही. करून शिकणारा विद्यार्थी नुसता पाहणारा होतो. फितीतला एक शब्दही गळत नाही, तरी अर्धी पद्धत गळते.

२३/
लहान पडद्याशी पहिली सरकारी झुंज ‘आकाश’ टॅब्लेटची. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत त्याचे अनावरण झाले. सात इंची पडदा, ८०० × ४८० ठिपके, आणि स्पर्श असा की बोट नुसते टेकवून भागत नसे, दाबावे लागे. किंमत हे त्याचे खरे कौतुक होते, पडदा ही खरी अडचण. नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारलेला ‘आकाश-२’ आला. प्रकल्पाची धुरा तोवर आयआयटी मुंबईकडे आली होती, प्रा. दीपक फाटक यांच्याकडे.

२४/
पवईच्या मंडळींनी सायलॅबसारखे गणिती सॉफ्टवेअर या सात इंचांवर बसवण्याची खटपट केली. खटपट हाच शब्द योग्य. टेबलावरच्या संगणकात लिहिण्याची खिडकी, उत्तराची खिडकी आणि आलेखाची खिडकी एकत्र मावतात. सात इंचांवर अक्षरांचा पट वर आला की निम्मा पडदा त्यातच संपतो. समीकरण लिहिताना आलेख दिसत नाही, आलेख पाहताना समीकरण दिसत नाही. पानामागे पान झाकण्याची तारापूरची जुनी अडचण इथे एका आलेखापाशी भेटते.

२५/
त्याच सुमारास जगभर दोन घडामोडी झाल्या. २०१० च्या एप्रिलमध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन-आयपॅडवर फ्लॅश का नाही, याचे जाहीर पत्र लिहिले. पुढच्याच महिन्यात ईथन मार्कॉट या रचनाकाराने एक लेख लिहून पडद्याच्या रुंदीनुसार स्वतःची मांडणी बदलणाऱ्या पानांची कल्पना मांडली. मजकुरासाठी ती कल्पना वरदान ठरली, कारण मजकूर पाण्यासारखा असतो, भांड्याचा आकार घेतो. सिम्युलेशन तसे वाहत नाही. उपकरणातल्या वस्तूंचे एकमेकांशी असलेले स्थान हाच त्यातला आशय असतो. ब्युरेट पात्राच्या वरच हवी. रुंदी कमी पडली म्हणून ती खालच्या ओळीत ढकलता येत नाही.

२६/
आपल्याकडच्या आभासी प्रयोगशाळा नेमक्या या संधिकाळात घडल्या. राष्ट्रीय अभियानाखाली आयआयटी दिल्लीच्या समन्वयाने बारा संस्थांनी हे काम वाटून घेतले. त्यांत महाराष्ट्रातून आयआयटी मुंबई आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय होते. शालेय प्रयोगांसाठी सी-डॅक मुंबई आणि अमृता विद्यापीठ यांनी ‘ओलॅब्ज’ रचले. तिथे एकेका प्रयोगाला सिद्धांत, कृती, ॲनिमेशन, सिम्युलेटर, चित्रफीत आणि तोंडी प्रश्न अशी पाने आहेत, आणि ते मराठीतही उपलब्ध झाले. त्या काळातल्या अशा सिम्युलेशनांचा मोठा भाग फ्लॅश किंवा जावात लिहिलेला असे. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला, जगभर वापरला जाणारा ‘फेट’ प्रकल्पही त्याच वाटेने आला होता आणि पुढे त्यालाही सगळे नव्याने लिहायला घ्यावे लागले.

२७/
फ्लॅशची घटिका भरत आली होती. २०११ च्या नोव्हेंबरात अडोबीने फोनसाठीचा फ्लॅश थांबवला. २०१७ च्या जुलैत जाहीर केले, की ३१ डिसेंबर २०२० नंतर तो कुठेच राहणार नाही. मध्यंतरी २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि लाखो घरांत पहिला संगणक म्हणून फोनच शिरला. म्हणजे ज्या पडद्यावर विद्यार्थी आले, त्या पडद्यावर जुनी प्रयोगशाळा उघडत नव्हती.

२८/
आणि मग २५ मार्च २०२०. पालघर जिल्ह्याचे दोन चेहरे तेव्हा लख्ख दिसले. वसई-पालघर-बोईसरच्या रेल्वेपट्ट्यात निदान फोन आणि नेटवर्क होते. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या डोंगराळ पाड्यांत नेटवर्कसाठी टेकाड गाठावे लागे. ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ हे राज्याचे त्या वेळचे घोषवाक्य. ते पाड्यांत किती पोहोचले हा वेगळा आणि कडू विषय आहे. जिथे पोहोचले तिथे ते पाच-सहा इंचांतून पोहोचले. फ्लॅशचा शेवट आणि फोनवरची शाळा एकाच वर्षात येऊन आदळली.

२९/
या सिम्युलेशनांचे पुनर्लेखन फोनसाठी करताना काय झगडा होतो, तो एका ब्युरेटवर पाहू. पन्नास मिलिलिटरच्या ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या रेषा असतात, म्हणजे पाचशे घरे. उभ्या फोनवर ब्युरेटला बारा सेंटिमीटर दिले, तर एका घराच्या वाट्याला पाव मिलिमीटरही येत नाही. रेष दिसणार नाही, मग पातळीची वक्र कड वाचणे दूरच.

३०/
रचनाकारापुढे तीन वाटा. पहिली: ब्युरेटशेजारी आकडाच लिहून टाकायचा. सोपे, नेटके, आणि बहुतेकदा तेच होते. पण मग वाचन शिकायचे राहूनच जाते. दुसरी: ब्युरेटचा एक तुकडाच मोठा करून दाखवायचा. मग पूर्ण उपकरण नजरेआड. तिसरी: पूर्ण चित्र लहान ठेवून त्यावर भिंगासारखा गोल, ज्यात फक्त पातळीजवळच्या रेषा दिसतात. काम जास्त, पण शिकणाऱ्याला आकडा स्वतः काढावा लागतो. तिसरी वाट पत्करणारा रचनाकार प्रयोगशाळेत वावरलेला असला पाहिजे.

३१/
बोटाचे गणित आणखी निराळे. माउसचे टोक एका ठिपक्याएवढे, बोटाचे टोक जवळजवळ सेंटिमीटरभर. ॲपलच्या नियमावलीत स्पर्शाची किमान जागा ४४ × ४४ बिंदू, गुगलच्या नियमावलीत सुमारे नऊ मिलिमीटर. शिवाय बोट ज्या वस्तूवर ठेवावे तीच झाकते. ब्युरेटची तोटी बोटाखाली, म्हणजे पडणारा थेंबही बोटाखाली! म्हणून तोटीचा ताबा चित्रापासून काढून पडद्याच्या तळाशी सरकपट्टी म्हणून द्यावा लागतो. माउस नुसता वर नेला की उमटणारी सूचनाही फोनवर संपते, कारण बोटाला ‘वर नुसते घुटमळणे’ ठाऊक नाही.

३२/
आता हे सगळे कुणासाठी, ते पाहू. बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने दाटीने आहेत आणि परिसरातल्या अनेक विज्ञान पदवीधरांची पहिली नोकरी तिथल्याच गुणवत्ता-तपासणी प्रयोगशाळेत ‘केमिस्ट’ म्हणून लागते. तिथले अनुमापन खरे असते. डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने पात्र फिरवणे, आणि फिनॉल्फथॅलिनची फिकट गुलाबी छटा टिकते न टिकते त्या क्षणी थांबणे. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. तो जास्त पडला तर आकडा चुकतो आणि त्या आकड्यावर मालाची खेप पास किंवा नापास होते.

३३/
फोनवरच्या सिम्युलेशनात गुलाबी छटा बहुधा एका झटक्यात येते आणि टिकते, कारण लहान पडद्यावर फिकट छटा उन्हात दिसतच नाही, म्हणून रंग गडद केला जातो. कारण योग्य, हेतू चांगला. पण गडद गुलाबी म्हणजे प्रत्यक्षात अंतिम बिंदू ओलांडलेला. लिंचबर्गच्या सिम्युलेटरमध्ये जी जोडी नव्हती तिची ही घरगुती आवृत्ती: रंग आला म्हणून थांबायला शिकलेला हात खऱ्या प्रयोगशाळेत दोन थेंब उशिरा थांबतो, आणि आपल्याला काही शिकवायचे राहिले होते हे त्याला ठाऊक नसते.

३४/
जुन्या फ्लॅश सिम्युलेशनांचे पुढे काय झाले? २०२० च्या नोव्हेंबरात इंटरनेट अर्काइव्हने ‘रफल’ या अनुकरण-प्रणालीच्या आधाराने फ्लॅशच्या कृती जपायला आणि चालवायला सुरुवात केली. ती फोनवरही उघडते. फ्लॅशचे ठरावीक चित्र ५५० × ४०० ठिपक्यांचे. उभ्या फोनच्या साडेसहा सेंटिमीटर रुंदीत ते बसवले, की वीस ठिपक्यांची कळ अडीच मिलिमीटरहूनही बारीक होते. प्रयोग चालू असतो, काटे हलत असतात, पण बोट टेकवले की शेजारच्या दोन कळा एकदम दाबल्या जातात.